आमच्या वरच्या मजल्यावरची मिडफिल्डर

सबंध हैदराबाद शहरात रस्ता ओलांडता येणारी एकच व्यक्ती होती आणि ती आमच्या डोक्यावर, म्हणजे चिक्कडपल्लीतल्या आमच्या बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्यावर राहत असे. बाकीचे आपण सगळे रस्ता ओलांडत नाही. आपण फक्त कधीतरी पलीकडे पोचतो, तेही वाहनवाल्यांच्या मर्जीनं. माझं तर विचारूच नका. पुण्याच्या रहदारीत वाढल्याचा अभिमान बाळगून मी या शहरात आलो त्याला एकोणीस वर्षं झाली, पण समोरच्या मेडिकलमधून गोळ्या आणायला मी एकदा ऑटो केलेली आहे. ऑटोवाल्यानं "किधर?" विचारलं, मी बोट दाखवलं. त्यानं आधी दुकानाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि "बैठो साब, होता कभी कभी" म्हणून समजूतदारपणे मीटर पाडला. तर अशाच एका संध्याकाळी मी हातात दह्याचं पाकीट घेऊन फूटपाथच्या कडेला उभा होतो. पाकीट गार होतं ते कोमट झालं होतं. मागून आवाज आला, "काका, कशाला थांबलात? जागा दिसायली की!" मी म्हटलं, "कुठं?" ती म्हणाली, "आता नाही. आता होईल बघा." आणि माझं कोपर धरून ती सरळ चालू लागली. पुढून एक सिटी बस गेली, मागून दोन ऑटो गेले, आणि त्यांच्या मधोमध बरोबर दोन माणसांना आणि एका दह्याच्या पाकिटाला पुरेल एवढी मोकळी जागा आमच्यासोबत चालत राहिली. पलीकडे गेल्यावर ती म्हणाली, "गाड्या बघायच्या नसत्यात काका. गाड्यांच्या मधलं बघायचं असतंय."

ती वडिलांना घेऊन वर राहायला आली तेव्हा सदतीस वर्षांची होती आणि मी त्रेपन्नचा. पहिल्याच दिवशी तिनं मला 'काका' आणि माझ्या बायकोला 'वहिनी' करून टाकलं. बायको माझ्यापेक्षा अवघी तीन वर्षांनी लहान आहे. हे नातं बसतं कसं, हे मी एकदा कागदावर वंशवृक्ष काढून तिला विचारलं, तेव्हा "जसं दिसायलंय तसं म्हणते" असं उत्तर मिळालं. बायकोनं तो कागद अजून फ्रिजवर लावून ठेवला आहे. मी तिला सुरुवातीला 'तुम्ही' म्हणत होतो, तर ती म्हणाली, "तुम्ही म्हणू नका काका, मागं कोण उभं आहे बघावं वाटतंय." पण माझी खरी फजिती त्याआधी, सामान चढवतानाच झाली होती. जिन्यात मराठी ऐकू आल्यामुळे मी हुरळून गेलो आणि जन्मजात पुणेरी संस्कारांना जागून दुसऱ्याच वाक्यात विचारलं, "आडनाव काय?"

"आठ," ती म्हणाली.

"आठल्ये का?"

"आठ नंबर. अकरा वर्षं पाठीवर तेवढंच होतं."

तिच्या मागून शेगडी उचलून येणारे तिचे वडील "जय भीम, साहेब" म्हणाले आणि मी घाईघाईनं शेगडीची दुसरी बाजू धरली. त्यानंतर मी कुणाला आडनाव विचारत नाही. अगदीच राहवलं नाही तर चौथ्या वाक्यापर्यंत दम धरतो.

तिचे वडील देगलूरजवळच्या एका खेड्यातून तरुणपणी इथं आले आणि कोठीतल्या एका दवाखान्यात वॉर्डबॉय म्हणून निवृत्त झाले. मुलगी नामपल्लीला स्टेशनमागच्या मैदानात मुलांबरोबर फुटबॉल खेळायची. मुलं तिला गोलकीपर करून एका टोकाला उभी करत. तिला ते पटेना, म्हणून ती मध्ये येऊन उभी राहिली आणि मग मधलीच झाली. राज्याकडून खेळली, कोलकात्याच्या क्लबाकडून खेळली, गोव्यात दोन हंगाम, मालदीवला एक, शेवटी परत कोलकाता. देशाच्या शिबिरात दोनदा बोलावणं आलं, दोन्ही वेळा शेवटच्या यादीत नाव नव्हतं. हंगाम संपला की घरी यायची आणि उरलेले महिने कोठीत डोळ्यांच्या एका डॉक्टरांकडे पेशंटांचे नंबर लावायची. पुढे खेळाडूंच्या कोट्यातून एका विमा कंपनीत कायमची नोकरी लागली. ही सगळी माहिती मी तिच्याकडून गोळा केली असं वाटेल. तसं नाही. बायकोनं गोळा केली. मी त्या काळात तिच्याशी क्रिकेटबद्दल बोलत होतो.

तिची पहिली लक्षात आलेली सवय म्हणजे मान. कुठलीही वस्तू हातात घेण्याआधी ती आधी डाव्या खांद्यावरून मागं बघायची, मग उजव्या खांद्यावरून, आणि मग घ्यायची. बायकोनं पहिल्यांदा कढीचं भांडं पुढं केलं तेव्हा तिनं असंच दोन्हीकडे पाहिलं. रात्री बायको मला म्हणाली, "बिचारीच्या मागे कुणीतरी लागलंय. पोलिसांत ओळख आहे का आपली?" माझी पोलिसांत ओळख म्हणजे हेल्मेट नसल्याबद्दलची. शेवटी मीच धीर करून विचारलं, तर ती हसत सुटली. "बॉल यायच्या आधी बघून ठेवायचं असतंय ना काका, मागं कोण आहे, द्यायचा कुणाला. बॉल आल्यावर बघितलं तर गेलाच म्हणून समजा." कढी आल्यावर ती कुणाला द्यायची, हे ठरवून ती भांडं घेत असे; आणि खरोखरच आमची अर्धी कढी तळमजल्यावरच्या तेलुगू आजींकडे पोचत असे. एका पासमध्ये.

पास देण्याची तऱ्हाही तीच. ती वस्तू तुमच्या हातात देत नसे. तुम्ही जिथं असायला हवेत तिथं देत असे. एकदा मी खालून ओरडलो, "अगं, गच्चीची चावी टाक!" तिनं वरून टाकली. मी जिन्याकडे चालत होतो. त्या चालीनं मी तीन पावलांवर जिथं असतो, तिथं चावी अचूक पडली. मी मात्र मध्येच चप्पल सरळ करायला थांबलो होतो, त्यामुळे ती गटारात गेली. "थांबलात कायकू?" वरून आवाज आला. त्या आवाजात राग नव्हता; एखादं चांगलं वाक्य कुणी अर्धवट ऐकावं, तसं दुःख होतं. मग ती स्वतः खाली आली, बाही वर करून गटारात हात घातला, चावी काढली, आणि मला म्हणाली, "पर्वालेदु काका, जाऊ द्या. पास थोडा लांबच होता." पास लांब नव्हता. हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

या बाईचं चरित्र लिहिण्याची कामगिरी माझ्यावर आली ती आमच्या मराठी मंडळाच्या स्मरणिकेमुळे. मंडळाच्या वर्धापनदिनी तिचा सत्कार करायचा ठरला, आणि लेखक म्हणून माझी निवड झाली, कारण मंडळात लेखक म्हणवून घेणारा मी एकटाच. माझं प्रकाशित वाङ्मय म्हणजे पाण्याच्या टँकरबद्दल एका दैनिकाला लिहिलेलं पत्र. त्यातली निम्मी ओळ त्यांनी छापलीही होती. मी वही, दोन पेनं आणि चष्मा असा सरंजाम घेऊन वर गेलो आणि पहिला प्रश्न टाकला, "एकूण गोल किती केलेस?"

"चार," ती म्हणाली.

"यंदाच्या वर्षात?"

"अकरा वर्षांत. त्यातला एक आमच्याच गोलमध्ये."

मी पेनाचं टोपण बंद केलं. अकरा वर्षांत चार गोल हा सत्कार करण्यासारखा आकडा आहे की तो लपवावा, हे मला ठरवता येईना. माझी अडचण तिच्या लक्षात आली असावी. ती म्हणाली, "काका, असं बसून नाही समजायचं. रविवारी ग्राउंडवर या."

रविवारी सकाळी एका शाळेच्या मैदानावर ती बायकांचा संघ खेळवत असे. त्यात बँकेतली कॅशियर होती, दोन नर्स होत्या, एक चाळिशीची शिक्षिका होती. सगळ्या हसत, धापा टाकत पळत होत्या. मी नवीन बूट घालून गेलो होतो. तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, विचार केला, आणि माझी नेमणूक गोलपोस्ट म्हणून केली. हे मी अलंकारिक अर्थानं लिहीत नाही. एका बाजूचा खांब पडला होता. तिथं मी उभा राहिलो. काम सोपं होतं, हलायचं नाही. सत्तावीस वर्षं सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंग केल्यामुळे ते मला जमतंही. तरी तासाभरात मला तीन चेंडू लागले; दोन पोटावर, एक कुठं ते सांगत नाही. कॅशियरबाईंचा फटका माझ्या पोटाला लागून आत गेला तेव्हा खांबाला लागून गेलेला गोल धरतात की नाही यावर वाद झाला, आणि नर्सनं येऊन माझी नाडी पाहिली. पण उभं राहून मला एक गोष्ट दिसली. चेंडू जिच्याकडे जाई तिच्याकडे सगळे बघत. मी या एकटीकडे बघत होतो. ती चेंडूजवळ फारशी नसेच. ती धावत एखाद्या रिकाम्या ठिकाणी जाई, तिच्यामागं दोघीजणी जात, आणि त्यामुळे भलतीकडेच जागा मोकळी होई. तिथून तिसरीच कुणीतरी गोल करी आणि आनंदानं किंचाळे. ही तोवर कमरेवर हात ठेवून परत मध्ये येऊन उभी असे. गोल केलेलीला कळतही नसे की तो कुणामुळे झाला.

हे लेखात यायला हवं होतं. लेखात काय आलं ते सांगतो. तीन पानांच्या लेखात दीड पान माझ्या पोटाला लागलेल्या चेंडूबद्दल होतं. उरलेल्यात मी मोठ्या दिमाखात लिहिलं, की 'ती अकरा वर्षं मधल्या फळीचा कणा होती.' मधली फळी म्हणजे मिडफिल्ड, शब्द बरोबरच होता. पण मुद्रितं तपासताना तपासनीसाला ते अपुरं वाटलं, आणि त्यानं 'मधल्या फळीतील भरवशाची फलंदाज' अशी सुधारणा केली. तो तपासनीस मीच होतो. रात्री क्रिकेटचा सामना बघत मुद्रितं तपासू नयेत, एवढंच म्हणतो. स्मरणिका छापून आली. अध्यक्षांनी ती विश्वासानं वाचली. सत्काराच्या भाषणात त्यांनी तिच्या कव्हर ड्राइव्हची तारीफ केली आणि स्मृतिचिन्ह म्हणून तिला चंदेरी रंगाची बॅट दिली. मी पहिल्या रांगेत बसून जमिनीत शिरायला जागा शोधत होतो. तिनं डाव्या खांद्यावरून पाहिलं, उजव्या खांद्यावरून पाहिलं, बॅट घेतली, आणि माइकवर म्हणाली, "लई आभार. आमच्या काकांनी लई मेहनत घेतली." टाळ्या झाल्या. त्या बॅटनं ती पुढं तिच्या गॅलरीत गाद्या झोडपत असे, आणि तो आवाज आमच्या बेडरूममध्ये बरोबर माझ्या डोक्यावर येत असे.

दुसऱ्या दिवशी तिचे वडील स्मरणिका घेऊन खाली आले. लेकीचं शिक्षण तेलुगू शाळेत झालेलं, तिला मराठी अक्षर जुळवत वाचावं लागे, म्हणून माझा लेख त्यांनीच तिला मोठ्यानं वाचून दाखवला होता. मी माफी मागायला उठलो तर त्यांनी खांद्याला धरून मला परत बसवलं. "साहेब, बॅटचं काई नाही. पण तुमी समदं लिवलं आन् शेवटचा सामना नाई लिवला."

"तो कुठला?"

"म्या बघितला त्यो. एकच तर बघितला."

त्यांनी सांगितलं ते असं. कोलकात्याच्या क्लबातला तिचा शेवटचा हंगाम. दर आठवड्याला ती फोन करायची: बाबा, आज खेळले, बाबा, आज जिंकलो. हे ऐकून बाप सबंध वॉर्डाला सांगायचा. अंतिम सामना ठरला तेव्हा त्यांनी तिला न कळवता रजा टाकली, इस्त्रीचा पांढरा सदरा घातला, ज्वारीच्या भाकरी आणि ठेचा बांधून घेतला आणि गाडीत बसले. सामना सुरू झाला. मैदानात आठ नंबर नव्हता. त्यांनी शेजारच्याला विचारलं, "भाई, आठ नंबर किधर है?" त्यानं बाजूच्या बाकाकडे बोट केलं. गुडघा दुखावल्यापासून त्या सबंध हंगामात ती बाकावर होती. तिच्या जागी अठरा वर्षांची एक मुलगी खेळत होती.

"मला वाटलं, उठून जावं," ते म्हणाले. "तिनं बघितलं तर तिला लाज वाटंल. पण ती बाकावर बसूनबी सारखी मागं वळू वळू बघत व्हती. मी आपला दोन मान्सांच्या मागं दडून बसलो."

एवढ्यात ती स्वतः दारात येऊन उभी राहिली. वडील काय सांगतायत हे तिनं ऐकलं असावं, कारण पुढचं तिनंच सांगितलं. सामना संपायला चार मिनिटं असताना कोचनी तिला उतरवलं. आत पाऊल टाकताना सवयीनं मान वळवली आणि प्रेक्षकांत पांढरा सदरा दिसला.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. एकदाच बॉल आला, काका. पुढं मोकळी जागा होती. मी मारू शकत होते. बाबा बघायले म्हणून लई मारावं वाटलं. पण ती अठराची पोरगी डावीकडून निघाली होती, माझ्यापेक्षा चांगल्या जागेवर. तिला दिला."

"तिनं गोल केला!"

"नाही. वरून बाहेर मारला. हरलो आम्ही."

ती आत येऊन बसली आणि म्हणाली, "पण पास चांगला होता."

सामन्यानंतर ती बाहेर आली आणि वडिलांपुढं उभी राहून रडली, बाबा, मी सगळं खोटं सांगत होते. त्यांनी गाठोडं सोडलं आणि ती शाळेतून घरी आलेली असावी तशी तिच्या हातात भाकरी दिली. "म्या म्हनलं, चार मिंट तर चार मिंट. म्या तर बघितली ना तुला." दोघांनी स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून ठेचा-भाकरी खाल्ली. गोल हुकवलेली ती अठरा वर्षांची मुलगीही कोपऱ्यात रडत होती. हिनं तिला बोलावून चतकोर भाकरी दिली. ठेचा इतका तिखट, की तिघंही नक्की कशानं रडतायत हे पुढं सांगता येईना. त्या सामन्यानंतर ती पुन्हा व्यावसायिक फुटबॉल खेळली नाही.

इथवर ठीक होतं. पण गेल्या उन्हाळ्यात तिला आदिलाबादकडच्या मुलींच्या एका निवासी शाळेतून कोच म्हणून बोलावणं आलं. काम कंत्राटी, वर्षाचं. त्यासाठी विम्यातली कायमची नोकरी सोडायची. वडील घाबरले आणि समजूत घालायला त्यांनी मला गाठलं. या कामासाठी मी योग्यच माणूस होतो. मी वर जाऊन तिला अर्धा तास स्थैर्य, पेन्शन, वय आणि गुडघे या विषयांवर व्याख्यान दिलं. ती जमिनीवर बसून गुडघ्याचा व्यायाम करत शांतपणे ऐकत होती. माझं संपल्यावर तिनं विचारलं, "काका, तुम्ही आजपर्यंत काय सोडलंत?"

मी पुष्कळ विचार केला आणि म्हणालो, "साखर."

"तीसुद्धा नाही," दारात उभी असलेली बायको म्हणाली.

तिघंही हसलो, पण वडील हसले नाहीत. ते खिडकीपाशी उभे होते. मग वळून तिला म्हणाले, "तितं भाकर मिळती का, भातच खात्यात?" म्हणजे तेही निघाले होते. जूनमध्ये दोघं गेली. सामान चढवताना झाला होता तेवढाच गोंधळ उतरवताना झाला. टेम्पो निघाल्यावर मी आणि बायको फूटपाथवरच उभे राहिलो. आता वर एक नवं जोडपं राहतं. दोघंही अतिशय सभ्य आहेत. त्यांचा आवाज म्हणून येत नाही.

या हिवाळ्यात आम्ही तिच्याकडे जाऊन आलो. मैदान म्हणजे दगडगोटे वेचून काढलेलं माळरान. मुली निम्म्या अनवाणी. तिचं वजन वाढलंय, आवाजही वाढलाय. तेलुगू, मराठी आणि दखनी अशा तिन्ही भाषांत ती एका वाक्यात रागावत होती. वडील कडेला खुर्ची टाकून बसले होते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला खेळ समजावून सांगत होते, बहुतेक चुकीचा. तिच्या मुली त्या दिवशी शेजारच्या शाळेकडून पाच गोलांनी हरल्या. मी सांत्वन करायला गेलो, तर ती मैदानाच्या मध्याकडे बोट दाखवत म्हणाली, "ती बारकी बघा काका. बोलत नाही कुणाशी. पण दोनदा मान वळवली आज तिनं. मी सांगितलं नव्हतं." एवढं म्हणून ती त्या मुलीकडे धावत गेली. आम्हाला बसस्टँडवर सोडायला यायचं ती विसरली. आम्हीही आठवण केली नाही.

परतीच्या बसमध्ये बाहेर वेचून झालेल्या कापसाची शेतं होती. बायको खिडकीशी बसली होती. बाहेरच बघत ती म्हणाली, "मी शाळेत खो-खो खेळायचे. नववीत जिल्ह्यापर्यंत गेले होते."

आमच्या लग्नाला सव्वीस वर्षं झाली आहेत. मी म्हणालो, "कधी बोलली नाहीस."

"तू कधी विचारलंस?"

खरंच विचारलं नव्हतं. लोकांची चरित्रं लिहायला मी वही, दोन पेनं आणि चष्मा घेऊन जिने चढलो होतो. मी जरा सरकून तिच्याकडे वळून बसलो आणि म्हणालो, "कुठल्या जागेवर बसायचीस?"

"शेवटच्या चौकोनात. खांबाजवळ," ती म्हणाली. वेणी वर कशी बांधून टाकायची, पंजे कसे टेकायचे, पाठीत खो बसायच्या आधी नुसत्या पावलांच्या आवाजावरून कसं कळायचं, ते सगळं ती हातांनी दाखवून सांगू लागली. पुढच्या सीटवरची बाई वळून बघायला लागली, तरी ती थांबली नाही. निर्मल गावात बस चहासाठी थांबली. सगळे उतरले. आम्ही दोघं बसूनच होतो, आणि ती अजून नववीतच होती.